लठ्ठपणा आणि चिनी वनौषधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लठ्ठपणावरील चिनी वनौषधींविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते त्या हजारो वर्षे पारखलेल्या आणि म्हणून निर्धोक आहेत, तर काहींच्या मते तो निव्वळ भोंदूपणा आहे. चीनमधील रुग्णालयांत पारंपरिक वैद्यकाचे डॉक्टर जे उपचार करतात आणि ‘चिनी हर्बल’ असे छापलेल्या कॅप्सूलमधून जे विकले जाते, त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात घेतल्याशिवाय या विषयावर काहीच नीट सांगता येत नाही. पुढील उत्तरांत हा फरक सतत समोर ठेवला आहे.

प्राचीन चिनी वैद्यकात लठ्ठपणाचा विचार झाला आहे का?

झाला आहे, आणि तो बारकाईने झाला आहे. चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’ इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत संकलित झाला असे मानले जाते. त्याचे ‘सूवेन’ आणि ‘लिंगशू’ असे दोन भाग आहेत. ‘लिंगशू’च्या 59 व्या अध्यायात स्थूल माणसांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्या प्रकारात पोट सैल आणि लोंबते असते, दुसऱ्यात शरीर मेदयुक्त असूनही आटोपशीर असते, आणि तिसऱ्यात शरीर मोठे असले तरी त्यात मांसाचा भाग अधिक असतो. वजन सारखे असलेल्या दोन माणसांचा धोका सारखा नसतो आणि चरबी शरीरात कुठे साठते याला महत्त्व आहे, ही आजची समज त्या वर्गीकरणाच्या बरीच जवळ जाते.

त्याहून लक्षणीय उल्लेख ‘सूवेन’च्या 47 व्या अध्यायात आहे. तोंडाला सतत गोड चव येणाऱ्या एका विकाराचे वर्णन करताना ग्रंथ सांगतो की, हा विकार वारंवार गोड आणि स्निग्ध पदार्थ खाणाऱ्यांना होतो; स्निग्ध आहाराने आत उष्णता वाढते, गोडाने पोटात भरलेपणा येतो आणि पुढे त्याचे पर्यवसान ‘शियाओ-के’ या तहानेच्या रोगात होते. या रोगाचा संबंध आज बहुतेक अभ्यासक मधुमेहाशी जोडतात. त्यावर ‘लान’ ही सुगंधी वनस्पती देऊन साचलेले बाहेर काढावे असा उपाय दिलेला आहे.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 21 व्या अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे वर्णन आहे. तेथेही अतिभोजन, गोड व स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोपणे ही कारणे सांगितली आहेत. दोन्ही परंपरांमधील वैद्यांनी रुग्णांच्या ताटाकडे आणि दिनक्रमाकडे नीट पाहिले होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

‘कफ आणि ओल’ म्हणजे नेमके काय? तो आयुर्वेदातील कफच आहे का?

युआन काळातील वैद्य झू दानशी (1281–1358) यांच्या परंपरेत स्थूल माणसांमध्ये ‘थान’ आणि ‘शी’, म्हणजे कफ आणि ओल, अधिक असतात हा विचार दृढ झाला आणि आजही लठ्ठपणाच्या चिनी उपचारांचा तोच कणा आहे. या विचारानुसार ‘पी’ हे अवयव-तंत्र अन्नपाण्याचे रूपांतर करून ते शरीरभर पोहोचवते. पाश्चात्त्य शरीरशास्त्रातील प्लीहा आणि हे तंत्र एक नव्हे. पचन आणि वहन यांची सारी जबाबदारी त्यात धरलेली असते. हे तंत्र दुबळे झाले की द्रव पूर्णपणे रूपांतरित होत नाहीत, आत ओल साचते, ती घट्ट होऊन कफ बनते, आणि मग जडपणा, सुस्ती, पोट फुगणे, जिभेवर चिकट थर अशी लक्षणे दिसू लागतात.

आयुर्वेदातील कफाशी तुलना करण्याचा मोह आपल्याला होणारच, पण येथे मूलभूत भेद आहे. आयुर्वेदात कफ हा निरोगी शरीरातही असणारा आणि शरीराला आधार देणारा दोष आहे, तर चिनी वैद्यकातील ‘थान’ हे बिघाडातून निर्माण झालेले उत्पादन आहे. त्यामुळे ‘माझी प्रकृती कफाची आहे, म्हणून मला चिनी कफनाशक औषध चालेल’ असा हिशेब करता येत नाही.

चिनी वैद्य लठ्ठपणाचे निदान कसे करतात?

लठ्ठ आहे की नाही हे तेही आता वजन-उंची निर्देशांकावरूनच ठरवतात. चीनमध्ये 24 पासून अतिवजन आणि 28 पासून लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी आपल्याकडील तज्ज्ञ 23 आणि 25 या अधिक कडक मर्यादा वापरतात. 2020 च्या अखेरीस चीन सरकारने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार तेथील प्रौढांपैकी 34.3 टक्के अतिवजनी आणि 16.4 टक्के लठ्ठ होते. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रौढांचा हा प्रश्न आहे आणि सरकारी आरोग्ययंत्रणेने तो गांभीर्याने हाती घेतला आहे.

पारंपरिक निदानाचा भाग त्यानंतर सुरू होतो. वैद्य जीभ पाहतात, दोन्ही मनगटांवरील नाडी तपासतात, आणि भूक, तहान, शौच, घाम, झोप, थंडी-उष्णता तसेच स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळी यांविषयी विचारतात. चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने ऑक्टोबर 2024 मध्ये लठ्ठपणाच्या निदान-उपचारांची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात पारंपरिक वैद्यकासाठी पाच प्रकार मानले आहेत: जठरात उष्णता साचलेली, कफ व ओल वाढलेली, ऊर्जा अडून रक्त साकळलेले, ‘पी’ दुबळे झालेले, आणि ‘पी’ व मूत्रपिंड या दोन्ही तंत्रांची ऊब क्षीण झालेली. पहिल्या प्रकारातील माणसाला सतत भूक लागते, चेहरा लालसर असतो आणि बद्धकोष्ठ असते. शेवटच्या प्रकारातील माणूस गारठलेला, थकलेला आणि सुजलेला असतो. या दोघांना एकच औषध देणे चिनी वैद्यकाच्या दृष्टीने चूकच ठरते. सर्वांना चालणारी ‘स्लिमिंग’ गोळी त्या परंपरेच्या तत्त्वातच बसत नाही, हे ग्राहकाला फारसे कोणी सांगत नाही.

प्रत्यक्षात कोणते काढे दिले जातात?

एकेक वनस्पती सुटी देण्याची पद्धत चिनी वैद्यकात फारशी नाही. चार ते पंधरा-वीस द्रव्यांची योगरचना केली जाते आणि त्यात प्रत्येक द्रव्याचे काम ठरलेले असते.

सर्वांत जुन्या योगांपैकी एक म्हणजे ‘फांगजी हुआंगछी थांग’. पूर्व हान राजवटीच्या अखेरीस, म्हणजे इसवी सन 200 च्या सुमारास होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग यांच्या ग्रंथात तो आढळतो. त्यात फांगजी, हुआंगछी, बायझू, जेष्ठमध, आले आणि चिनी बोर ही द्रव्ये असतात. सैल, फिकट शरीराच्या, चटकन घाम येणाऱ्या आणि पायांवर सूज असणाऱ्या माणसाला तो देतात. कफ-ओलीच्या प्रकारात ‘दाओथान थांग’ वापरतात. त्यात बानश्या, संत्रावर्गीय फळाची वाळवलेली साल, फूलिंग नावाची बुरशी आणि इतर द्रव्ये असतात. थंडावलेल्या, सुजलेल्या रुग्णासाठी ‘झेनवू थांग’ सांगितला आहे. त्यातील फूझी ही बचनागाच्या कुळातील मुळी असून, पुरेसा वेळ न उकळल्यास ती हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकते. म्हणूनच चिनी औषधसंहिता ती इतर द्रव्यांच्या आधी आणि दीर्घकाळ उकळण्यास सांगते.

‘फांगफेंग थोंगशेंग सान’ हा योग बाराव्या शतकातील वैद्य ल्यू वानसू यांचा आहे. त्यात 18 द्रव्ये असून रेवंदचिनी आणि माहुआंग (हृदयाची गती वाढवणारे इफेड्रिन असलेली वनस्पती) ही त्यांतील प्रभावी द्रव्ये आहेत. मूळ योग तापासाठी आणि आत-बाहेर कोंडलेल्या उष्णतेसाठी होता. जपानमधील कांपो वैद्यकाने तो ‘बोफूत्सूशोसान’ या नावाने स्वीकारला, आणि आज तेथे पोटाच्या चरबीवर तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तसेच औषधाच्या दुकानातही मिळतो. लठ्ठपणाच्या बाबतीत या योगावर जितका आधुनिक अभ्यास झाला आहे, तितका पारंपरिक योगांपैकी फार थोड्यांवर झाला असेल.

यांतील काही वनस्पती आपल्या ओळखीच्या आहेत का?

आहेत. चिनी ‘स्लिमिंग’ चहात हमखास असणारे ‘ज्युएमिंगझी’ हे टाकळ्याच्या जातीचे बी आहे; पावसाळ्यात ज्याची कोवळी पाने आपण भाजीसाठी खुडतो, तोच टाकळा चिनी औषधसंहितेत या द्रव्याचा एक मान्य स्रोत आहे. ‘दाहुआंग’ म्हणजे रेवंदचिनीच्या कुळातील मूळ. रेचक म्हणून चहात मिसळली जाणारी पाने ही आपली सोनामुखी आहे, आणि तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागातील सोनामुखी जगभर जाते. कमळाचे पान, जेष्ठमध, सुंठ आणि आले यांची ओळख करून देण्याची गरज नाही. शानझा हे आंबट लाल फळ मात्र आपल्याकडे होत नाही. मांसाहारी, जड जेवण पचावे म्हणून चीनमध्ये ते शतकानुशतके खाल्ले जाते.

ओळख आहे म्हणून द्रव्य निरुपद्रवी ठरत नाही. सोनामुखी आणि रेवंदचिनी महिनोन्‌महिने रोज घेतल्यास आतड्याला त्यांची सवय लागते आणि शरीरातील पोटॅशियम कमी होऊ शकते. जेष्ठमधाच्या मोठ्या मात्रेने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. ही दोन्ही द्रव्ये एकत्र आली की परिणामांची भर पडते.

काढा कसा तयार करतात? कॅप्सूल किंवा चहा तितकाच चांगला का नाही?

वैद्याने वजन करून दिलेली द्रव्ये मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात भिजवून, दोनदा उकळून, दोन्ही वेळचा काढा एकत्र करून दिवसातून दोन वेळा घेतात. लोखंडी भांडे वर्ज्य असते. रेवंदचिनीचा रेचक गुण हवा असेल तर ती शेवटी घालतात, कारण फार उकळल्यास तो गुण मंदावतो. आता चीन, तैवान आणि जपानमध्ये कारखान्यात तयार झालेल्या कणीदार अर्काच्या पुड्याही चालतात. त्यांची मात्रा निश्चित असते, पण रुग्णागणिक बदल करण्याची सोय कमी होते. वैद्य एक-दोन आठवड्यांनी रुग्णाला पुन्हा पाहून योग बदलतो. कॅप्सूलच्या डबीत हा फेरविचार नसतो, आणि खरा तोटा तोच आहे.

या उपचारांनी वजन खरोखर कमी होते का?

काही प्रमाणात होते असे दिसते, परंतु ते किती आणि किती काळ टिकते हे सांगणारा पुरावा कच्चा आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात चिनी औषधे आणि अॅक्युपंक्चर यांच्या 96 यादृच्छिक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. एकंदर निष्कर्ष उपचारांच्या बाजूचे होते, पण चाचण्यांचा दर्जा बहुतांशी कमी असल्याचेही त्यातच नमूद होते.

हा दर्जा कमी का असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. अनेक चिनी चाचण्यांत निकाल किलोग्रॅममध्ये न देता ‘एकूण परिणामकारकता’ अशा टक्क्यांत दिला जातो, ज्यात थोडेसे वजन आणि थोडीशी लक्षणे कमी झालेला रुग्णही ‘सुधारला’ म्हणून मोजला जातो. कडू, उग्र वासाच्या काढ्यासारखे दिसणारे आणि चव देणारे खोटे औषध बनवणे अवघड असल्याने रुग्णाला आपण काय घेतो आहोत हे कळते. बहुतेक चाचण्या दोन-तीन महिन्यांत संपतात, तर लठ्ठपणाचा खरा कस वर्ष-दोन वर्षांनंतर लागतो. शिवाय ज्या योगात रेचक किंवा मूत्रल द्रव्य आहे, त्यात पहिल्या काही दिवसांत काट्यावर दिसणारी घट पाण्याची आणि मळाची असते. मेद तेथल्या तेथेच राहतो. ‘एका आठवड्यात तीन किलो’ या जाहिरातीमागील रहस्य बहुतेक वेळा एवढेच असते.

चांगल्या आखणीची उदाहरणेही आहेत. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी चाचणीत साखरेचे नियमन बिघडलेल्या 81 लठ्ठ स्त्रियांना 24 आठवडे मर्यादित आहार आणि व्यायामासोबत बोफूत्सूशोसान किंवा त्यासारखे दिसणारे निष्क्रिय औषध दिले गेले. आहार-व्यायामामुळे दोन्ही गटांचे वजन उतरले, परंतु पोटातील अवयवांभोवतीची चरबी लक्षणीयरीत्या कमी झाली ती औषध घेतलेल्या गटातच. हा निष्कर्ष आशादायक आहे. मात्र त्या औषधात माहुआंगमधील इफेड्रिन आहे, आणि जपानमध्ये या योगाने यकृताला इजा झाल्याची, क्वचित फुप्फुसांना सूज आल्याची प्रकरणेही नोंदली गेली आहेत. परिणाम आणि उपद्रव एकाच द्रव्यसमूहातून येतात, याचा विसर पडू नये.

बर्बेरीनला ‘निसर्गातले ओझेम्पिक’ म्हणतात. ते खरे आहे का?

नाही. बर्बेरीन हे चीनमधील हुआंगल्येन या कडू मुळीत आणि आपल्याकडील दारुहळदीत असणारे पिवळे द्रव्य आहे. चीनमध्ये ते जुलाबावरील स्वस्त गोळी म्हणून दीर्घकाळ वापरात होते. 2004 मध्ये चिनी संशोधकांनी ते रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वेगळ्याच मार्गाने कमी करते हे दाखवल्यावर त्यात जगभर रस निर्माण झाला. 2023 मध्ये समाजमाध्यमांवर त्याला वरील बिरुद मिळाले. चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण पाहता बर्बेरीनने होणारी वजनातील सरासरी घट सुमारे दोन किलोच्या आसपास येते. ओझेम्पिक या इंजेक्शनात असणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत शरीराच्या वजनाच्या सुमारे 15 टक्के घट झाली होती. म्हणजे नव्वद किलोच्या माणसाचे तेरा-चौदा किलो. या दोन आकड्यांना एका पंक्तीत बसवणे ही रुग्णाची दिशाभूल आहे.

साखर आणि कोलेस्टेरॉल यांवर बर्बेरीनचा काही उपयोग होऊ शकतो, परंतु इतर औषधांचे शरीरातील प्रमाण ते बदलते. अवयव प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरीन घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ते टाळावे.

उंदरांचे वजन 45 टक्क्यांनी घटवणारी चिनी वनस्पती सापडली होती, तिचे काय झाले?

2015 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी लेइगोंगथेंग या वेलीतील सेलास्ट्रॉल नावाच्या द्रव्याने लठ्ठ उंदरांची भूक जवळपास 80 टक्क्यांनी आणि वजन 45 टक्क्यांपर्यंत उतरते असे दाखवले. शरीर लेप्टिन या भूक-नियंत्रक संप्रेरकाला पुन्हा प्रतिसाद देऊ लागते, असे त्याचे स्पष्टीकरण होते. संशोधन महत्त्वाचेच आहे. परंतु मूळ वेल विषारी असून तिच्या औषधांनी प्रजननक्षमतेवर, यकृतावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. त्या वेलीची भुकटी वजनासाठी घेणे धोक्याचे आहे; उंदरावरील शुद्ध द्रव्याचा प्रयोग त्यासाठी आधार होऊ शकत नाही.

बेल्जियममधील प्रकरण काय होते? ते आजही का सांगितले जाते?

ते सविस्तर सांगायला हवे, कारण ‘वनस्पती आहे, म्हणून अपाय नाही’ या समजुतीला त्याहून कठोर उत्तर नाही. ब्रसेल्समधील एका वजन-उपचार केंद्राने 1990 मध्ये आपल्या कॅप्सूलची रचना बदलून त्यात दोन चिनी वनस्पती घातल्या. त्यानंतर पन्नाशीच्या आतील, मूत्रपिंडाचा कोणताही पूर्वेतिहास नसलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे अत्यंत वेगाने निकामी होऊ लागली. 1993 मध्ये तेथील डॉक्टरांनी अशा नऊ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली, आणि पुढे ही संख्या शंभराच्या वर गेली.

तपासात असे आढळले की फांगजीऐवजी ग्वांगफांगजी वापरली गेली होती. चिनी बाजारात या दोन वेगळ्या कुळांतील वनस्पतींची नावे आणि वाळलेली मुळे एकमेकींशी सहज गल्लत होण्यासारखी आहेत. ग्वांगफांगजी ही अॅरिस्टोलोकिया प्रजातीतील असून तिच्यातील अॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडाच्या ऊती घट्ट करून टाकते आणि पेशींतील जनुकीय द्रव्याला चिकटून कर्करोग घडवते. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांची निकामी मूत्रपिंडे आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढल्या गेल्या अशा 39 रुग्णांपैकी 18 जणांमध्ये मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग आढळला. ही वनस्पती एकूण 200 ग्रॅमहून अधिक पोटात गेलेल्यांना धोका जास्त होता.

आणखी एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे आहे. त्या कॅप्सूल चिनी पद्धतीने निदान करून दिलेल्या नव्हत्या. त्यांच्यासोबत भूक मारणारी आधुनिक रसायनेही दिली जात होती. त्यामुळे सगळा दोष चिनी वैद्यकाच्या माथी मारणे योग्य नाही. परंतु अॅरिस्टोलोकिया कुळातील द्रव्ये चिनी वैद्यकातही शतकानुशतके वापरात होती आणि त्यांचा उशिरा दिसणारा विषार परंपरेच्या लक्षात आला नव्हता, हेही तितकेच खरे आहे. आज घेतलेल्या औषधाने दहा वर्षांनी होणारा कर्करोग एखाद्या वैद्याला, तो कितीही निष्णात असला तरी, केवळ अनुभवाने ओळखता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2002 मध्ये अॅरिस्टोलोकियायुक्त औषधांना माणसात कर्करोग घडवणारी द्रव्ये म्हणून घोषित केले, आणि चीनने 2003 व 2004 मध्ये या कुळातील काही मुख्य द्रव्यांची मान्यता काढून घेतली. आपल्याकडील ईश्वरी किंवा सापसण ही याच प्रजातीतील वनस्पती आहे. ती पोटात घेण्याचे सल्ले अजूनही दिले जातात, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

माहुआंग अमेरिकेत बंद आहे, मग चीन-जपानमध्ये ती कशी चालते?

माहुआंगमधील इफेड्रिन 1885 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी वेगळे केले. ते हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवते, भूक दडपते. चिनी वैद्य माहुआंग सर्दी-दम्यासाठी थोड्या दिवसांपुरती देत असत. अमेरिकेत तिचा अर्क कॅफिनसोबत मिसळून, वजन घटवणारी आणि जोम वाढवणारी गोळी म्हणून महिनोन्‌महिने घेतला जाऊ लागला. हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यूंच्या नोंदी वाढल्या, आणि 2004 मध्ये तेथील औषध प्रशासनाने अशा पूरक पदार्थांवर बंदी घातली. चीन आणि जपानमध्ये ती औषध म्हणून नियंत्रणाखाली आहे. उच्च रक्तदाब, हृदयरोग, थायरॉइडचा अतिस्राव किंवा काचबिंदू असलेल्यांनी ती कोणत्याही स्वरूपात घेऊ नये.

‘शंभर टक्के हर्बल’ कॅप्सूलमध्ये आधुनिक औषधे मिसळलेली असतात, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि आजच्या घडीला सर्वांत मोठा धोका हाच आहे. सर्वाधिक सापडणारे रसायन सिब्युट्रामीन. ते पूर्वी लठ्ठपणावरील मान्यताप्राप्त औषध होते. सुमारे दहा हजार रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण 16 टक्क्यांनी वाढल्याचे दिसल्यावर 2010 मध्ये युरोप, अमेरिका आणि चीनमध्ये ते बाजारातून गेले, आणि भारताने 2011 मध्ये त्यावर बंदी घातली. तेव्हापासून ते ‘हर्बल’ डब्यांत लपून फिरते आहे. हाँगकाँगचा आरोग्य विभाग आणि अमेरिकेचे औषध प्रशासन अशा उत्पादनांविषयी सातत्याने इशारे देत आले आहेत. त्याच्या जोडीला फिनॉल्फ्थॅलीन हे टाकून दिलेले रेचक आणि मूत्रल औषधेही सापडतात.

2002 मध्ये जपानमध्ये चीनहून आलेल्या वजन घटवणाऱ्या उत्पादनांमुळे शेकडो लोकांच्या यकृताला इजा झाली आणि काहींचा मृत्यू झाला. त्यांत फेनफ्लुरामीन या बाद झालेल्या औषधात किंचित फेरफार करून बनवलेले रसायन होते, म्हणजे नेहमीच्या तपासणीत पकडले जाऊ नये अशी तजवीज केलेली होती.

अशी कॅप्सूल घेतल्यावर दोन-तीन दिवसांत भूक पार मेली, तोंड कोरडे पडले, छाती धडधडू लागली आणि रात्री झोप उडाली, तर ते वनस्पतीचे काम नव्हे असे समजून ती तात्काळ थांबवावी. कमळाच्या पानाने आणि टाकळ्याच्या बियांनी असे होत नाही.

भारतात चिनी पारंपरिक औषधांना मान्यता आहे का?

आयुष मंत्रालयाच्या कक्षेत आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. चिनी वनौषधी त्यांत नाहीत. अॅक्युपंक्चरची गोष्ट वेगळी आहे: महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा करून परिषद स्थापन केली आहे. पण अॅक्युपंक्चरची नोंदणी म्हणजे चिनी काढे देण्याचा परवाना नव्हे. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, 1954 यानुसार मनाई आहे, कारण त्या कायद्याच्या अनुसूचीतील रोगांत लठ्ठपणाचा समावेश आहे. तेव्हा तसा दावा करणारी जाहिरात दिसली तर विक्रेत्याच्या हेतूविषयी तेवढ्यानेच शंका घ्यायला जागा आहे. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

परदेशात राहतो, तेथे चिनी वैद्याकडे जायचे झाल्यास काय पाहावे?

सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आणि हाँगकाँग येथे चिनी वैद्यकाच्या व्यावसायिकांची कायद्याने नोंदणी होते. ती नोंदणी तपासता येते. योगातील प्रत्येक द्रव्याचे शास्त्रीय नाव लिहून मागावे. जो वैद्य ते देण्यास टाळाटाळ करतो, किंवा नाडी-जीभ न पाहता सर्वांना एकच डबी देतो, त्याच्याकडून औषध घेऊ नये.

मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइडची औषधे चालू असताना काढा घेता येईल का?

आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. साखर कमी करणारी द्रव्ये मधुमेहाच्या गोळ्यांवर भर घालून साखर अचानक खाली नेऊ शकतात. रेचक योगांमुळे गोळी पोटात टिकतच नाही. जेष्ठमध रक्तदाबाच्या औषधांच्या विरुद्ध जातो. आणि वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका वाढतो. गर्भवती व स्तनदा माता, मुले, आणि यकृत किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण यांनी हे उपचार टाळावेत. भूल देण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर काढा चालू असल्याचे भूलतज्ज्ञांना आधी सांगावे.

कमळाच्या पानाचा किंवा शानझाचा साधा चहा तरी प्यावा का?

विश्वासू ठिकाणाहून सुटी, ओळखता येणारी पाने मिळाली आणि त्यांत सोनामुखी मिसळलेली नसेल, तर निरोगी माणसाने साखरेच्या पेयाऐवजी असा चहा प्यायला हरकत नाही. वजन त्यामुळे उतरेल अशी अपेक्षा ठेवू नये.

घरातील कोणी अशा कॅप्सूल आधीच घेतल्या असतील तर काय करावे?

प्रथम कॅप्सूल बंद कराव्यात, पण डबी आणि उरलेल्या कॅप्सूल फेकून देऊ नयेत. प्रयोगशाळेत तपासायच्या झाल्यास त्याच उपयोगी पडतात. रक्तदाब मोजून घ्यावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने यकृताच्या चाचण्या, क्रिएटिनीन, पोटॅशियम व लघवीची तपासणी करावी. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, छातीत दुखणे किंवा श्वास लागणे ही लक्षणे दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुष्परिणामाची नोंद गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाकडे रुग्ण स्वतःही करू शकतो. आणि घटक माहीत नसलेली अशी औषधे पूर्वी कधी दीर्घकाळ घेतली असतील, तर आज काहीही त्रास नसला तरी ते आपल्या डॉक्टरांना सांगून वैद्यकीय कागदपत्रांत लिहून ठेवायला लावावे. बेल्जियममधील काही रुग्णांचा कर्करोग कॅप्सूल बंद झाल्यानंतर अनेक वर्षांनी उघडकीस आला होता.